एक्केचाळीस नावांची यादी आणि एक बॅग

स. न. वि. वि.

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले. येत्या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशी निघालो आहोत. पॅरिस, आम्स्टरडॅम, जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि शेवटी रोम अशी पंधरा दिवसांची ग्रुप टूर आहे. बातमी फुटल्यापासून "आमच्यासाठी काय आणणार?" हे ऐकून कान किटले. कुणाला काय आणायचं याची यादी करायला बसले तर ती एक्केचाळीस नावांवर गेली. सोबत जोडली आहे. नणंदेला ट्यूलिपचे कांदे हवेत, भाच्याला फोन, भाचीला एक ठरावीक परफ्यूम. मोठ्या जाऊबाई दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून आल्या तेव्हा त्यांनी घरोघर मर्लायनचा, म्हणजे तिथल्या त्या सिंहाच्या तोंडाच्या माशाचा, पुतळा वाटला होता. आमचा अजून शोकेसमध्ये उभा आहे. त्यांच्या तोडीचं काहीतरी आणायला नको का? ह्यांचं म्हणणं, कुणाला काही आणू नकोस, मला फक्त एक कुकूचं घड्याळ घेऊन दे. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, त्या घरीच असतील. शेजारच्या भाभी झाडांना पाणी घालतील, पुतणी रात्री आजीपाशी झोपायला येईल, स्वयंपाकाच्या बाई दोन्ही वेळ येणार आहेत, त्यामुळे घरची काळजी नाही. काळजी आहे ती या यादीची. भेटवस्तूंवर चाळीस हजारांच्या वर खर्च करायचा नाही. काय करू?

— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

ताई,

तुमची यादी मी दोनदा वाचली. तिच्यात ह्यांचे मॉर्निंग वॉकचे सहा सोबती आहेत, बँकेचे मॅनेजर आहेत, शाळेतल्या जुन्या हेडबाई आहेत, पुण्याचे एक चुलतदीर आहेत ज्यांच्या नावापुढे तुम्हीच प्रश्नचिन्ह टाकलंय. ज्या तिघींच्या जिवावर तुम्ही पंधरा दिवस घर सोडून निघाला आहात, त्या भाभी, ती पुतणी आणि त्या स्वयंपाकाच्या बाई मात्र मला कुठे सापडल्या नाहीत. सासूबाईंच्या नावापुढे नुसती रेघ आहे.

तेव्हा यादी उलटी करा. सगळ्यात वर या चौघी. त्यांच्यासाठी नीट विचार करा, वेळ द्या, पैसे द्या. त्यांच्याखाली ज्यांचं तुम्हाला खरोखर काही खास वाटतं अशी चार-पाच माणसं, त्यांना एकेक वस्तू. उरलेल्या सगळ्यांना खाऊ. सगळ्यांना एकच, एकाच दिवशी. आणि प्रश्नचिन्हवाल्या दिरांना फोनवर खुशाली.

"सगळ्यांना एकच" म्हटल्यावर तुमच्या कपाळावर आठी पडली असणार. पण आपल्याकडे दूरच्या यात्रेहून आल्यावर काय करायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. काशी करून आलं की मावंदं घालायचं, गंगेचा गडू फोडायचा, आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तेच गंगाजळ आणि तोच काळा दोरा. मोठ्या जावेला जाड दोरा आणि धाकटीला बारीक असा प्रकार नव्हता, आणि दोरा केवढ्याला पडला हे कुणी विचारत नव्हतं. तोडीस तोड, परतफेड, कुणी किती घातलं हा हिशेब लग्नातल्या आहेराच्या वहीचा. तो प्रवासाच्या पिशवीत शिरला, आणि म्हणून मर्लायन घरोघरी पोचला. तुम्ही सरळ मावंदं घाला. आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सगळ्यांना पोहे-जलेबीला बोलवा, टेबलावर खाऊ मांडा, ज्याला जे घ्यायचं ते घेऊ द्या. एक्केचाळीस घरांच्या पायऱ्या चढायच्या वाचतील. फोटो दाखवाल ते मात्र पन्नासच्या आत, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती.

खाऊ म्हणजे अर्थात चॉकलेट, आणि ते स्वित्झर्लंडमध्येच घ्या. दूध घातलेलं चॉकलेट १८७५ साली व्हेव्हे गावात डॅनियल पीटर यांनी पहिल्यांदा जमवलं, तेव्हा मान त्यांचा. पण टूरची बस थांबते त्या सोव्हेनिरच्या दुकानातून घेऊ नका. मिग्रो किंवा को-ऑप ही तिथली रोजच्या वाणसामानाची दुकानं, जवळजवळ प्रत्येक गावात असतात. तिथे त्यांची स्वतःची चॉकलेटं डोंगरावरच्या दुकानापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि तिथली माणसं रोज खातात तीच असतात. मोठ्या वड्यांपेक्षा नॅपोलिटेन मागा. एकेक घासाच्या, स्वतंत्र कागदात गुंडाळलेल्या त्या छोट्या वड्या असतात. किलो-दोन किलोत तुमचा सगळा रविवार पार पडेल. त्रिकोणी टॉब्लेरोन मात्र तिकडून ओझं करून आणू नका. १९०८ पासून ते बर्नचं खरं, पण काही उत्पादन स्लोव्हाकियात हलवल्यावर २०२३ मध्ये खोक्यावरचं मॅटरहॉर्न शिखरसुद्धा त्यांना काढावं लागलं. आणि ते इथे मॉलमध्येही मिळतं, हे यादीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे.

दुकानाची वेळ सांभाळा. स्वित्झर्लंड आणि जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, रेल्वे स्टेशनांवरची तेवढी उघडी मिळतात. रात्री जेवण उरकून आपण छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जातो तसं तिथे जाऊ म्हणाल तर शटर पडलेलं दिसेल.

आता पाकिटावरचं वाचायची गोष्ट. तुमच्या पत्रावरून भाभी जैन आहेत की नाही ते कळलं नाही, पण लोकमान्यनगरात काय आणि सुदामानगरात काय, आपल्या ओळखीत अंडं न खाणारी निम्मी माणसं निघतात. पोरांसाठी म्हणून रबरासारख्या मऊ, रंगीत गोळ्यांची पाकिटं सर्रास उचलली जातात. त्यात जिलेटिन असतं, आणि युरोपात ते बरेचदा डुकराचं. हे तुम्ही आजीसमोर पाकीट फोडल्यावर कुणीतरी मोबाइलवर शोधून सांगण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. युरोपीय संघातल्या पाकिटांवर एक सोय आहे. अंडं, दूध, शेंगदाणे, इतर कवचाचे दाणे अशा ॲलर्जीच्या गोष्टी घटकांच्या यादीत ठळक छापणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे अंडं असेल तर ते डोळ्यांत भरतं. जिलेटिन मात्र त्या ठळक यादीत येत नाही, ते शोधावं लागतं. बहुतेक भाषांत शब्द जवळपास तोच आहे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात भाषांतर होतंच. दुसरं, चॉकलेटमधली दारू. स्वित्झर्लंडमध्ये किर्श म्हणून चेरीची कडक दारू असते, ती पोटात भरलेल्या देखण्या कांड्या मिळतात. खोक्यावर चेरीचं चित्र बघून त्या सासूबाईंसाठी घेतल्या जातात. चित्रावर जाऊ नका.

चीजचंही तेच. हॉलंडच्या पवनचक्क्यांच्या गावात तुम्हाला गौडाचे तुकडे चाखायला देतील, रोममध्ये पार्मेजान दिसेल. पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसाशिवाय, होतच नाही, त्यांचा तसा नियम आहे. शिवाय दुधाचे पदार्थ आपल्या कस्टम्सच्या फॉर्मवर जाहीर करायच्या गोष्टींत येतात. चीज तिथेच खायचं तर खा आणि सोडून द्या.

मे महिन्यात इंदुरात चाळीसच्या पुढे पारा, आणि चॉकलेटातलं कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या शेवटच्या संध्याकाळी खरेदी करा. इटलीत बस उन्हात उभी असते, पिशवी बसमध्ये ठेवायची नाही, हॉटेलच्या खोलीत ठेवायची. परतताना मोठ्या बॅगेत मधोमध, तुमच्या स्वेटरांच्या घडीत घालून. लोकर बाहेरची उष्णता लवकर आत येऊ देत नाही. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यातून फ्रिजमध्ये. एवढं करूनही वर पांढरी झाक आली तर ती बुरशी नव्हे. वितळून पुन्हा गोठताना चरबी वर येते, खायला काही हरकत नाही. पण पाहुण्यांना सांगत बसण्यापेक्षा त्या वड्यांचा मिल्कशेक करा.

हा झाला खाऊ. आता वरच्या चौघी.

स्वयंपाकाच्या बाईंना पहिली भेट निघायच्या आधीच द्यायची. पंधरा दिवस दोघंजण घरी नाहीत म्हणून त्यांचा पगार कापायचा नाही, उलट रोज सासूबाईंचं पाहतील त्याचे वेगळे पैसे आधी हातात ठेवायचे. हे न करता नुसती चॉकलेटं दिलीत तर ती चॉकलेटं मला पाठवा, बाईंना नको. मग तिथून त्यांच्यासाठी एक स्विस सोलाणं आणि एक दातेरी सुरी. सोलाण्यावर हसू नका. रेक्स नावाचं हे साधं अॅल्युमिनियमचं सोलाणं १९४७ मध्ये निघालं, आजही तसंच बनतं, आणि २००४ मध्ये स्विस टपालखात्याने त्यावर तिकीट काढलं. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पट्टी, मधे हलतं पातं, बाजूला बटाट्याचे डोळे काढायला छोटा कान. हातात धरलं की वजन लागत नाही. दुधीची साल कागदासारखी निघते. वाणसामानाच्या दुकानातच मिळतं आणि थोड्याच फ्रँकना येतं. सुरी व्हिक्टोरिनॉक्सची, टोमॅटो कापायची, लाल किंवा काळ्या मुठीची. लाल चाकूंमुळे जगभर माहीत असलेली ही कंपनी १८८४ ची. तो खिशातला चाकू सगळेच आणतात आणि मग तो ड्रॉवरमध्ये पडून राहतो, कारण इंदुरात कुणाला खिशात करवत लागत नाही. टोमॅटोची सुरी रोज हातात येते. दोन्ही वस्तू चेक-इन बॅगेतच जातील, हातातल्या पिशवीत ठेवल्या तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील. ही जोडी तुम्ही स्वतःसाठीही घ्या. पण बाईंना दिलेली जोडी त्यांच्या घरी गेली पाहिजे. तुमच्या ओट्यावर राहिली तर ती भेट झाली नाही.

भाभींसाठी पॅरिसमधून साबण. मार्सेलचा साबण म्हणून चौकोनी, ओबडधोबड वडी असते, हिरवट किंवा पांढरट, अंगावर ७२ टक्के असा ठसा मारलेला. म्हणजे इतकं तेल. अस्सल साबणात ते वनस्पतींचं असतं, जनावराची चरबी नसते, पण घटकांची यादी वाचून घ्या, मग कुणालाही निर्धास्त देता येतो. सुगंधी, फुलाफुलांच्या कागदातले साबण त्याच दुकानात बाजूला असतात. दिसायला तेच छान, पण ठसा बघून घ्या. साबणाचं आणखी एक बरं, तो वापरून संपतो. भाभींच्या घरात आणखी एक परदेशी वस्तू पुसत बसायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

पुतणी फाइन आर्टला आहे असं तुम्ही यादीच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय, बहुधा तिच्या फीची आठवण म्हणून. मग विचार कसला करायचा? देवळालीकर मास्तरांनी ज्या इंदुरात बेंद्रे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार घडवले तिथे शिकणाऱ्या मुलीला रंगच न्यायचे. जिनीव्हाची कारान दाश कंपनी १९१५ पासून पेन्सिली बनवते. तिचे पाण्यात विरघळणारे रंग किंवा चांगल्या पेन्सिलींचा डबा घ्या. मोठा डबा महाग पडतो, लहान घेतला तरी चालेल. पण कुठला हवा ते तिलाच विचारा. चित्रकाराला चुकीचा कागद आणि चुकीचे रंग देणारे काका-काकू तिला पुष्कळ भेटले असतील. सरप्राइजचा हट्ट सोडला की निम्म्या भेटी बरोबर निवडल्या जातात.

सासूबाईंना वस्तू नको आहे. या वयात नवीन वस्तू म्हणजे "जपून ठेव" म्हणत कपाटात जाणारी आणखी एक पिशवी. त्यांना पोस्टकार्डं पाठवा, एक नव्हे, मुक्कामागणिक एक. तुमची टूर युंगफ्राउला जात असेल तर तिथे ३,४५४ मीटर उंचीवर टपालपेटी आहे. रोममध्ये व्हॅटिकनचं स्वतःचं टपालखातं आहे. तिथली तिकिटं वेगळी, आणि ती लावलेलं पत्र व्हॅटिकनच्याच पेटीत टाकावं लागतं, रोमच्या पेटीत चालत नाही. अक्षर मोठं काढा, मराठीत लिहा, पत्ता फक्त इंग्रजीत. काही कार्डं तुम्ही आल्यानंतर येतील. येऊ द्या. पोस्टमन त्यांचं नाव घेऊन हाक मारेल, त्या ओटल्यावर येऊन सही कुठे करायची विचारतील, आणि कार्ड संध्याकाळपर्यंत गल्लीत फिरून येईल.

आता फर्माइशी.

नणंदेच्या ट्यूलिपच्या कांद्यांना स्वच्छ नाही. बी, कांदे, रोपं परदेशातून आणायची तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवाना आणि तिथल्या सरकारचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पिशवीत टाकून आणायची ती गोष्ट नाही. आणि समजा आणले, तरी ट्यूलिपच्या कांद्याला फुलण्याआधी काही आठवडे चांगली थंडी लागते. आपला पौष त्याला पुरत नाही. नणंद बागेची हौशी असेल आणि तुमचं तिच्याशी खरंच मेतकूट असेल तर स्वित्झर्लंडची फेल्को कंपनीची कात्री बघा, लाल मुठीची, फांद्या छाटायची. १९४५ पासून ही कंपनी आहे आणि कात्रीचा प्रत्येक भाग बदलून मिळतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षं चालते. पन्नास फ्रँकच्या पुढे जाईल, तेव्हा तुमच्या चार-पाच "खास" माणसांत नणंद बसते का ते आधी ठरवा. बसत नसेल तर तिला रविवारचा खाऊ आहेच.

भाच्याला फोन आणू नका. युरोपातल्या किमतीत वीस टक्क्यांच्या आसपास व्हॅट मिसळलेला असतो, इथल्यापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. बिघडला की वॉरंटीची कटकट तुमच्या गळ्यात. आणि दुसऱ्याची महागडी वस्तू आपल्या नावावर कस्टम्समधून काढायची ही जोखीम मामीने घ्यायची नसते. भाचीला परफ्यूमचं इतकंच सांगा: "नाव आणि मिलीलिटर लिहून पाठव, इथली किंमतही पाठव. तिथे स्वस्त दिसलं तर घेईन, पैसे तू दे." तोंडावर "बघू हं" म्हणायचं आणि मग पॅरिसमध्ये दोन तास सुगंधाच्या दुकानात नाक बधिर करून घ्यायचं, यात काय मिळतं? टूरवाले ज्या ठरावीक दुकानांत नेतात तिथे काही घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. गाइडचा चेहरा पडला तर पडू द्या.

जाऊबाई. त्यांना तोडीचं द्यायचं नाही, त्यांच्या जोगतं द्यायचं. तुम्हीच यादीत लिहिलंय की सराफ्यात घडणावळीवरून त्या सराफाला रडकुंडीला आणतात. अशा बाईला व्हेनिसचा काचेचा एक मणी द्या, चांगल्या दोऱ्यात किंवा साखळीत ओवलेला. काच वितळवणाऱ्या भट्ट्यांनी शहराला आग लागेल या भीतीने १२९१ मध्ये व्हेनिसच्या सत्तेने सगळे कारागीर शेजारच्या मुरानो बेटावर हलवले. तेव्हापासून मुरानोची काच. आज व्हेनिसच्या गल्ल्यांत मुरानो म्हणून विकली जाणारी पुष्कळशी काच बाहेरून आलेली असते, म्हणून अस्सल मालासाठी तिथल्या प्रदेशाने "व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो" हे चिन्ह ठेवलंय. चिन्ह असलेल्या दुकानातून, प्रमाणपत्रासकट, छोटीच वस्तू घ्या. प्रमाणपत्र डबीतच राहू द्या. जाऊबाई आधी ते वाचतील आणि नंतर मणी बघतील, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक लग्नात खरी-खोटी काच कशी ओळखायची हे सांगतील. मर्लायनला शोकेसमधून हलवू नका, तो आता घरचा झाला.

इटलीतच एक सावधगिरी. फूटपाथवर चादर पसरून मोठ्या कंपन्यांच्या पर्स विकणारे दिसतील. नकली माल विकत घेणाऱ्यालाही तिथे दंड करण्याची तरतूद आहे. आपल्या जेल रोडच्या बाजाराची सवय तिथे चालवू नका.

आणि ह्यांचं घड्याळ. ते जरूर घ्या, आणि चाळीस हजारांत धरू नका. ती भेट नव्हे, तुमच्या दोघांच्या घरातली वस्तू आहे. फक्त ते कुठे घ्यायचं ते नीट समजून घ्या. कुकूचं घड्याळ स्वित्झर्लंडचं असा सगळ्यांचा समज आहे. ते जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टचं. स्वित्झर्लंडमध्येही विकतात, पण तुमची बस ब्लॅक फॉरेस्टमध्ये थांबणार आहे, तिथेच घ्या. दुकानात शंभर घड्याळं एकदम ओरडत असतात, घाईत काहीतरी उचललं जातं. आधी विचारा: बॅटरीवरचं की यंत्राचं? बॅटरीच्या घड्याळात कुकूचा आवाज चिपमधून येतो आणि खालची वजनं शोभेची असतात. यंत्राच्या घड्याळात वरच्या बाजूला दोन छोटे भाते आणि दोन शिट्ट्या असतात. एक भाता "कु" म्हणतो, दुसरा "कू". साखळ्यांना लोखंडी, पाइनच्या फळाच्या आकाराची वजनं लटकतात. ती खाली येत जातात तसं घड्याळ चालतं. त्यातही दोन जाती आहेत. एकीची वजनं रोज वर ओढावी लागतात, दुसरीची आठ दिवसांनी. निवृत्त माणसाला रोजचंच घ्या असं मी म्हणेन, सकाळचं एक काम होतं आणि ते स्वस्तही पडतं. यंत्राच्या अस्सल घड्याळाला तिथल्या घड्याळवाल्यांच्या संघाचं, व्हीडीएसचं, प्रमाणपत्र मिळतं, ते मागून घ्या. रात्री गप्प करायची कळ आहे का ते पाहा, नाहीतर सासूबाई तीन वाजता विचारतील दारात कोण आलंय. बांधताना दुकानदाराला सांगा की विमानाने नेणार आहे. तो साखळ्या तारेने बांधून देतो आणि भात्यांना क्लिप लावतो. वजनं काढून मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळा, घड्याळ हातातल्या पिशवीत. घरी साधारण सहा फूट उंचीवर टांगा, साखळ्यांना खाली जागा लागते.

घराच्या शोभेसाठी युरोपातून सामान आणायची आपल्या गावाला सवय नवी नाही. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन वास्तुकार एकार्ट म्युथेसियस यांच्याकडून माणिकबाग ही राजवाड्याची वास्तू बांधून घेतली, आणि तिच्यासाठी खुर्च्या-टेबलांपासून दिव्यांपर्यंत सगळं तिकडून आलं. महाराजांनी शिल्पकार ब्रांकुशीचे पक्षीही घेतले होते. १९८० साली त्यातलं बरंचसं मोनॅकोच्या लिलावात गेलं. आणि आज त्या माणिकबागेत कोण बसतं? कस्टम्स आणि केंद्रीय अबकारीवाले. इतकं समर्पक मला लिहूनही सुचलं नसतं.

त्यांचा नियम तेवढा पाठ करा. परत येताना माणशी ठरावीक किमतीपर्यंतचं सामान बिनजकातीचं येतं. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा ५०,००० रुपये ठरली होती. सरकार आकडा बदलत असतं, म्हणून निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या संकेतस्थळावर ताजा आकडा बघा. नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करून एक महाग वस्तू आणता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. घड्याळाचं बिल हाताशी ठेवा.

व्हॅट परतीचं फार मनावर घेऊ नका. जर्मनीत एका दुकानात पन्नास युरोंच्या वर, इटलीत सत्तरच्या वर आणि फ्रान्समध्ये शंभरच्या वर खरेदी असेल तरच तो मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यावा लागतो आणि युरोपीय संघ सोडताना कस्टम्सचा शिक्का लागतो, तोही वस्तू न वापरलेली दाखवून. घड्याळापुरता फॉर्म घ्या. तुमची बस मधेच स्वित्झर्लंडमध्ये शिरते, जे संघात नाही, म्हणून शिक्का नेमका कुठे घ्यायचा हे टूर मॅनेजरला खरेदीच्या दिवशीच विचारा. साबण आणि सोलाण्यांसाठी रोमच्या विमानतळावर रांगेत उभं राहू नका.

शेवटचं, पण आजच करायचं काम. मुंबई-इंदूर विमान टूरच्याच तिकिटात आहे का, की वेगळं काढलंय, हे ट्रॅव्हलवाल्यांना विचारा. वेगळं असेल तर देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलोच चेक-इनला चालतं, आणि रोमहून तेवीस किलोची बॅग घेऊन उतरलेला माणूस मुंबईच्या काउंटरवर जादा वजनाचे पैसे भरतो. दोन लोखंडी वजनं, दोन किलो चॉकलेट, साबण आणि सुऱ्या मिळून किती होतात ते घरच्या काट्यावर आधी करून बघा. गरज पडली तर जाताना कपडे कमी न्या. ठेपले-चिवड्याचे डबे येताना रिकामे असतील, त्यांत चॉकलेटं बसतात.